माझी पट्टी काळी पाच

पट्टी म्हणजे काय ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पेटीवर काळे आणि पांढरे सूर असतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गाणारा त्यातला जो सूर आपला सा म्हणून धरतो, ती त्याची पट्टी. वर किती चढायचं, खाली किती उतरायचं, सगळं त्या एका सुरावर ठरतं. पुरुषाची पट्टी खालची, बाईची उंच. माझी होती काळी पाच. जाणकार माणसाला एवढं सांगितलं की तो मान वर करून पाहतो. त्या पट्टीत, उघड्या मैदानावर, भोंगा नसताना अख्खा कार्यक्रम ओढणारी बाई आमच्या भागात दुसरी नव्हती. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगते आहे, कारण सांगणारं दुसरं कोणी आता उरलेलं नाही.

या अंकासाठी जलशाच्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं होतं. गमती होत्या, नाही असं नाही. पण त्या लिहायला बसले की हात दुसरीकडेच जातो. तेव्हा जे लिहिलं जाईल ते वाचा.

सत्तरनंतरची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. वाशीमजवळच्या मालेगावला आमचं कलापथक होतं. लोक त्याला जलसाच म्हणायचे. ना धड तमाशा, ना धड नाटक. गाणी, मधे मधे हसवणारे प्रवेश, दोन नाच, एक समूहगीत, आणि सगळ्याला बांधणारा धागा एकच की माणूस माणसासारखा वागला पाहिजे. कार्यक्रमाचं नाव ‘जागा राह्य, गावा’. तो उभा केला चौघांनी.

शब्द किसन गुरुजींचे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते, अंगाने काडी, पण लिहायला बसले की दरारा. चाली बळीराम मास्तरांच्या. मास्तर पेटी वाजवायचे, कमी बोलायचे, आणि पान खात नसताना त्यांना चाल सुचायची नाही. ढोलकी चांदभाईंची. ते मंगरूळपीरचे, धंदा शिंप्याचा, त्यामुळे आमचे कपडेही त्यांच्याच मशीनवर शिवले जात. आणि चौथी मी, सुलोचना. गाणं माझं, आणि नाचात कोणी कुठे वळायचं, कुठे थांबायचं हे बसवायचंही काम माझं. आम्ही तिघं बौद्ध, चांदभाई मुसलमान. पोस्टर लागायचं तेव्हा चौघांची नावं एकाच आकारात असत. हा नियम गुरुजींनी घातला होता.

आमच्या कामाची पद्धत वेगळी होती. गुरुजी ओळ लिहून आणत आणि मास्तरांना देत नसत. मला देत. मी ती ओळ नुसती मोठ्याने म्हणायची, जशी विहिरीवर बाई दुसरीला हाक मारते तशी. मास्तर डोळे मिटून ऐकत आणि माझ्या बोलण्याचा जो चढउतार असेल त्यावर चाल बांधत. म्हणून आमची गाणी लोकांना पहिल्यांदा ऐकूनही ओळखीची वाटत. चांदभाई तोवर दाराशी बसून टाके घालत, आणि टाके घालता घालता पायाने ठेका धरत. त्यांचा पाय थांबला की समजायचं, चाल फसली.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं असंच झालं:

‘पाणी साऱ्याईचं, हीर साऱ्याईची,
सांगा आभायाले, सांगा.’

हीर म्हणजे विहीर, आभाय म्हणजे आभाळ. ‘आभायाले’मधला तो पहिला आ मास्तरांनी वरच्या सा वर ठेवला होता. मी तो लावला की मैदानाच्या टोकाला बैलगाडीत निजलेली माणसं उठून बसत. मग ओळीचं शेवटचं ‘सांगा’ मी सोडून द्यायची आणि मागून मास्तर, गुरुजी, चांदभाई तिघं मिळून उचलायचे. ‘सांगा, सांगा.’ याला झील धरणं म्हणतात. गाणारीला तेवढ्यात श्वास मिळतो. झील मागे आहे याची इतकी सवय होते की आपण एकट्याने गातो आहोत असं कधी वाटतच नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक. एका गावच्या पुढाऱ्याने सांगितलं, कार्यक्रम करा पण विहिरीचं गाणं वगळा. गुरुजी बरं म्हणाले आणि आम्ही ते गाणं सुरुवातीलाच म्हणून टाकलं, म्हणजे वगळायला उरलंच नाही. वाशीमचे एक जैन शेठजी होते, कापडाचे व्यापारी. ठाणाचे उरलेले तुकडे नाचाच्या पोशाखांना देत आणि बदल्यात पुढच्या रांगेत एक खुर्ची मागत. पण ऐन विहिरीच्या गाण्याला दोन्ही कानांवर हात ठेवत. मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, “बाई, गाणं लाख रुपयाचं हाय, पण तुमी आभायाले सांगता तवा माह्या कानाचे पडदे फाटतात.” मी ते कौतुक म्हणूनच घेतलं. होतंही कौतुकच.

मग दुष्काळ आला. आमच्या भागात खडी फोडायची कामं निघाली. रस्त्याच्या कडेला दगडाचे ढीग आणि हातोडा घेतलेली माणसं, बाया, म्हातारे. तिथे लोकांचं मन रमावं म्हणून आम्हाला बोलावणी येत. दुपारच्या सुट्टीत कार्यक्रम व्हायचा. रंगमंच वगैरे काही नाही, खडीच्या ढिगावर उभं राहायचं आणि गायचं. हवेत दगडाची भुकटी असायची. श्वास घेतला की ती आत. रुमाल तोंडाला लावून नाच करता येतो, गाता येत नाही. ते सगळं वर्ष मी असं गायले. समोर हातावर भाकर घेऊन बसलेली माणसं असताना ‘आज गळा बरा नाही’ असं सांगायला तोंड उघडत नाही.

मंगरूळपीरजवळच्या एका कामावर माझा आ फुटला. फुटला म्हणजे मडकं फुटावं तसा. वर गेला आणि तिथून नुसती हवा निघाली. झीलकऱ्यांनी ताबडतोब उचलून धरलं, लोकांना कळलंही नाही. पण मी चांदभाईंच्या दुकानात जाऊन बसले आणि कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. मास्तर दारात उभे होते. मी म्हटलं, “मास्तर, काळी पाच गेली तं मी मेली. मंग मले गायचंच नाही.” माझी ती दोन वाक्यंच पुढे सगळ्याला कारण झाली.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. चार दिवस घेतली. ज्येष्ठमध चघळला, आल्याचा रस घेतला, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. पुढचा कार्यक्रम मालेगावातच होता. मास्तरांनी सूर दिला, मी सा लावला, आणि गाणं सुरळीत पार पडलं. आ थोडा कापरा होता, पण फुटला नाही. मी आनंदाने घरी गेले. आमचे मालक बाजारात हमाली करायचे, त्यांना माझ्या गाण्याचा ना राग ना लोभ. त्यांनाही मी झोपेतून उठवून सांगितलं की गळा परत आला.

त्यानंतर गळा चांगलाच चालत राहिला. मला वाटायचं, ज्येष्ठमधाचा गुण. पोहरादेवीच्या यात्रेत एवढ्या गर्दीपुढे गायले तरी थकवा नाही. शेठजींनी तर कानावरचे हात काढून टाकले. म्हणाले, “बाई, तुमचा आवाज आता मऊ झाला, आंबा पिकावा तसा.” मी खूश. मधे एकदा गुरुजींनी विहिरीच्या गाण्यातला शब्द बदलून आणला. ‘सांगा आभायाले’च्या जागी ‘सांगा या गावाले’, आणि चालही तिथे वर न जाता सरळ राहिली. मला ते आवडलं नाही.

“गुरुजी, आभाय होतं त्याचं गाव काहून केलं?”

गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आभायाले सांगून काय होते बाई? ऐकाले तं गावच पाहिजे.”

मला ते इतकं पटलं की मीच पुढे लोकांना सांगत सुटले, बघा, आमचे गुरुजी कसा विचार करतात. मागे मास्तर पेटीचा भाता पुसत बसले होते. चांदभाई उठून बाहेर गेले.

आता मूळ गोष्टीवर येते. त्या दिवसांत नागपूरला रेडिओवर लोकगीतं गाणाऱ्यांची आवाजाची परीक्षा घेत. पास झालं की तुमचं नाव घेऊन तुमचं गाणं लागायचं. मला ते हवं होतं, आणि ते का हवं होतं हे सांगायलाच पाहिजे. माझी आई मानोऱ्याकडे राहायची. मुलीने चारचौघांत गावं हे तिला पटत नव्हतं, म्हणून तिने मला कधी मंचावर पाहिलं नाही. आमचा कार्यक्रम तिच्या गावात झाला त्या दिवशी ती मुद्दाम दुसऱ्या गावी गेली. पण तिच्या शेजारच्या घरी रेडिओ होता, आणि रेडिओवर गाणाऱ्या बाईला ती मान द्यायची. मला एकदा म्हणाली होती, “थ्या पेटीतून तुया आवाज आला तं मी ऐकीन.” बस, एवढंच. मला तिच्या कानावर जायचं होतं.

मी अर्ज केला आणि बोलावण्याचं पत्र आलं तेव्हा सगळ्यांत कमी आनंद मास्तरांना झाला. मला वाटलं, आपल्याला गाणारी सोडून जाईल ही भीती. मी चेष्टा केली, “मास्तर, रेडिओवर गेली तरी पेटी तुमचीच राहीन.” ते म्हणाले, “मी संगं येतो. माह्या पेटीवरच गा.” आम्ही एस.टी.ने गेलो. मालेगाव ते नागपूर हा प्रवास किती लांबचा ते माहीत असणाऱ्यांना माहीत आहे. पेटी त्यांच्या मांडीवर होती. अख्ख्या वाटेत ते तीनदा म्हणाले, “बाई, एक सांगाचं होतं.” आणि तिन्ही वेळा मी विचारल्यावर म्हणाले, “काही नाही. पाणी प्या.”

तिथे दारातच सांगितलं गेलं की साथीदार आतलेच असतील, बाहेरची पेटी चालणार नाही. तसा तिथला नियम होता, त्यांचा काही दोष नाही. मास्तर काहीतरी बोलू लागले होते, पण मला आत बोलावलं आणि दार लागलं. जाड दार, बाहेरचा आवाज आत येत नाही.

खोलीत तानपुरा होता, तबला होता. काचेपलीकडे एक साहेब बसले होते. आवाज मोठा सभ्य. त्यांनी विचारलं, “पट्टी कोणती, बाई?”

मी म्हटलं, “काळी पाच.” आणि ते म्हणताना मी मान ताठ केली होती, हेही मला आठवतं.

तानपुरा मिळवला. कानाला जरा परका लागला. मनात आलं, शहरातली वाद्यं, चढी असतील. सा लावला तर मानेच्या शिरा ताणल्या. मी ठरवून मूळचाच शब्द घेतला, ‘आभायाले’, कारण आई ऐकणार तर आमचं खरं गाणं ऐकू दे. आ वर गेला आणि फुटला. खडीच्या ढिगावर फुटला होता अगदी तसाच.

साहेब म्हणाले, “पाणी घ्या. घाई नाही. पुन्हा घेऊ.”

पुन्हा घेतलं. या वेळी मुखड्यालाच गेला.

तेव्हा त्या भल्या माणसाने विचारलं, “बाई, जरा खालच्या पट्टीत बघायचं का? पांढरी पाच?”

मी म्हटलं, “नाही साहेब. माझी पट्टी हीच आहे.”

त्यांनी धन्यवाद म्हटलं.

बाहेर बाकावर मास्तर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हटलं, “मास्तर, त्याईचा तानपुरा चढा होता.”

मास्तर म्हणाले, “नाही बाई. तानपुरा बराबर होता. तुमी दोन सालापासून पांढरी पाचात गाऊन राह्यल्या.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग त्यांनी सांगितलं. खाली बघत, एकेक वाक्य तोडत. मंगरूळपीरला मी रडले, त्याच आठवड्यात त्यांनी अर्धा सूर खाली घेतला होता. पांढरी सहा. काही महिन्यांनी आणखी अर्धा. मग आणखी. मी लोकांकडे तोंड करून उभी राहायची, पेटी पाठीमागे, त्यांची बोटं मला दिसत नसत. सूर दिला की गळा आपोआप तिथे जाऊन बसतो, आणि इतकं सावकाश उतरलं तर कळत नाही. संध्याकाळ होताना कोणत्या क्षणी अंधार झाला हे सांगता येतं का? पेटीवर पट्टी बदलली की प्रत्येक गाणं नव्या बोटांनी बसवावं लागतं. ते त्यांनी घरी एकट्याने, आमचा सगळा कार्यक्रम, तीनदा बसवला होता. एवढी मेहनत त्यांनी मला फसवायला केली.

“अजून कोणाले माहीत होतं?”

“साऱ्याईले,” ते म्हणाले.

अर्थात साऱ्यांना. पेटी उतरली की ढोलकी त्या सुराला उतरवावी लागते, म्हणजे चांदभाईंना माहीत होतं. आ काढून टाकला म्हणजे गुरुजींना माहीत होतं. गाव ऐकतं, आभाळ नाही, हा सगळा विचार माझा गळा झाकायला शिवलेलं ठिगळ होतं. ज्यांच्याबरोबर मी एक ओळही एकटीने केली नव्हती, त्यांनी ही एक गोष्ट माझ्याशिवाय मिळून केली.

आणि सगळ्यात वाईट मला एस.टी.त, कारंजाच्या अलीकडे, सुचलं. माझा आवाज गेलेलाच नव्हता. तो फक्त खाली आला होता. पांढरी पाचात मी पोहरादेवीची गर्दी गप्प केली होती, शेठजींचे कान मोकळे केले होते. त्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी नुसतं हो म्हटलं असतं तर पास झाले असते. मला हो म्हणता आलं नाही, कारण मी कोण आहे हे तिथल्या खोलीत मला एकटीलाच माहीत नव्हतं.

मालेगावात उतरल्यावर चांदभाई स्टँडवर आले होते. माझा चेहरा बघून त्यांना कळलं. म्हणाले, “बहन, हमने तो तेरा दिल बचाया.”

मी म्हटलं, “दिल नाही चांदभाई. तुमी कार्यक्रम वाचवला.”

ते बरोबर होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही खरं असेल. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते पुसावंसं वाटलं नाही.

मी जलसा सोडला. माझ्या जागी दोन मुली आणून पाहिल्या, पण ओळ मोठ्याने म्हणायची आणि त्यातून चाल काढायची ही रीत माझ्याशिवाय चालेना. गुरुजींची बदली झाली. मास्तर भजनांना, लग्नांना पेटी वाजवू लागले. वर्षाच्या आत ‘जागा राह्य, गावा’ संपला. मला पुढे शाळेत मदतनीस म्हणून काम लागलं. तिथे मी प्रार्थनेलाही ओठ हलवायची, आवाज काढायची नाही. आई गेली. शेजारणीने सांगितलं, की काही दिवस ती संध्याकाळी त्यांच्या रेडिओजवळ येऊन बसायची आणि कोणती बाई गाते ते विचारायची.

मास्तरांशी मी पुन्हा बोलले नाही. बाजारात दिसत. ते थांबत, मी पुढे जायची. लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी राग कसला धरायचा. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. शत्रूने केलं असतं तर विसरले असते.

मागच्या वर्षी मास्तर गेले. गुरुजी आणि चांदभाई त्यांच्या आधीच गेले होते. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मी जाणार नव्हते, तरी गेले. भाषणं झाली आणि मास्तरांच्या मुलाने सगळ्यांसमोर विनंती केली, की सुलाआत्याने विहिरीचं गाणं म्हणावं. कोपऱ्यात एक तरुण पोरगा विजेची पेटी घेऊन बसला होता.

त्याने विचारलं, “आजी, पट्टी कोन्ती?”

तो वाट पाहत होता, सगळी माणसं वाट पाहत होती. या प्रश्नाचं उत्तर मी एकदाच दिलं होतं.

“माहीत नाही, बेटा.”

तो हसला. “टेन्शन नोका घेऊ आजी. याच्यात बटन हाय. कोन्ती बी पट्टी करता येते. तुमाले समजणार बी नाही.”

मी उठले. लोकांकडे पाठ केली आणि त्याच्या पेटीकडे तोंड करून उभी राहिले. म्हटलं, “बटन नको. एक एक सूर दे. मले दिसला पाहिजे.” त्याने वरून सुरुवात केली. मी मान हलवत गेले, नाही, नाही, खाली. काळी पाच आली, गेली. पांढरी पाच आली, गेली. अगदी खाली, जिथे पुरुष गातात तिथे, काळी एकवर माझा गळा बसला. ते बोट मी डोळ्यांनी पाहिलं. पन्नासच्या आसपास वर्षांनी मला माझी पट्टी कळली.

मग वळून गायले. ‘पाणी साऱ्याईचं, हीर साऱ्याईची.’ ‘आभायाले’ घेतलं. आ वर गेला. म्हातारा होता, पण फुटला नाही. ओळ शेवटाला आली आणि जुन्या सवयीने मी ‘सांगा’ सोडून दिलं आणि श्वास घ्यायला थांबले.

मागून काही आलं नाही. मी थांबूनच राहिले. लोकांना वाटलं, आजी शब्द विसरली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे केली.